सुट्टीचा कंट्रोलर

बव्हेरियातल्या शाळांना उन्हाळी सुट्टी कधी लागते हे म्युनिकच्या माणसालाही मोबाइलमध्ये बघावं लागत असेल. आमच्या विठ्ठलवाडीत अण्णांना झोपेतून उठवून विचारा. 'तीन ऑगस्ट ते चौदा सप्टेंबर. पंधराला, मंगळवारी शाळा,' एवढं सांगून ते कूस बदलतील. इंग्लंडचं विचारलंत तर मात्र उठून बसतील. तिथे भागाभागाप्रमाणे तारखा बदलतात, आणि 'कौन्सिल कुठलं?' हे विचारल्याशिवाय तारीख सांगणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

अशी माणसं आता ठाण्यापासून बदलापूरपर्यंत सोसायटीगणिक एक तरी सापडतात. मुलगा जर्मनीत, मुलगी इंग्लंडात, आणि आई-वडील इथेच, लोकलच्या भोंग्यावर घड्याळ लावत. शेजाऱ्यांना वाटतं, यांची मजा आहे, दरवर्षी फॉरेनला फिरायला जातात. फिरायला कसलं? ड्युटीवर जातात. अण्णा स्वतः हाच शब्द वापरतात. भाजी घेताना कोणी विचारलं, 'काय अण्णा, यंदा कुठे?' की उत्तर येतं, 'ऑगस्टात म्युनिक ड्युटी आहे.'

अण्णा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. उमेदीची बरीच वर्षं विठ्ठलवाडी आगारात गेली. कुठला ड्रायव्हर आळेफाट्याच्या गाडीवर, कुठला कंडक्टर मुक्कामी गाडीवर, कोण रजेवर, कोण आजारी म्हणून सांगून मेहुणीच्या लग्नाला, कोण स्पेअर, हे सगळं त्यांच्या डोक्यात. निवृत्तीनंतर माणसं नर्मदा परिक्रमा करतात, हार्मोनियम शिकतात. अण्णांनी दोन्ही करून पाहिलं, पण डोक्यातला ड्युटीचा तक्ता रिकामा राहिलेला त्यांना सहन होईना. तेवढ्यात थोरल्याच्या दोन्ही मुली म्युनिकमध्ये शाळेत जाऊ लागल्या, लेकीचा मुलगा इंग्लंडात रेडिंगच्या शाळेत बसला, आणि तक्ता भरला.

हा तक्ता म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला टांगलेलं कालनिर्णय. त्याचं ऑगस्टचं पान मी नीट पाहिलं आहे. तांबडी रिफिल बव्हेरियाची, निळी इंग्लंडची. पाच तारखेच्या चौकोनात काकूंच्या अक्षरात 'दूध अर्धा लि. कमी', त्याच्या डोक्यावर अण्णांच्या अक्षरात 'हॉर्ट बंद', आणि कोपऱ्यात बारीक 'गॅस लावला'. (हॉर्ट म्हणजे शाळा सुटल्यावर मुलं थांबतात ते जर्मन पाळणाघर. सुट्टीतही चालतं, पण ऑगस्टात बऱ्याच ठिकाणी तेच दोन-तीन आठवडे कुलूप लावून सुट्टीवर जातं.) तेरा तारखेला श्रावणारंभाला तांबडी चौकट आणि पुढे प्रश्नचिन्ह. वीसच्या पुढे निळी रेघ तांबडीवर चढली आहे आणि तिथे कागद पेनाच्या टोकाने फाटला आहे. एकच माणूस दोन देशांत कसा लावायचा, हा प्रयत्न तिथे बराच वेळ चाललेला दिसतो.

'तुला गणित सांगतो,' एकदा अण्णांनी मला समोर बसवून सांगितलं. 'जर्मनीत शाळेला वर्षाची सुट्टी 75 दिवस. शनिवार धरून, हां. म्हणजे साडेबारा आठवडे. आता कंपनी बरी असली तर नोकरदाराला रजा तीस दिवस, म्हणजे सहा आठवडे. नवरा-बायकोची मिळून किती?'

'बारा.'

'इंग्लंडात शाळा तेरा आठवडे बंद. रजा कायद्याने 28 दिवस, पण त्यात आठ बँक हॉलिडे धरता येतात. उरले वीस. म्हणजे चार आठवडे. दोघांचे?'

'आठ.'

'म्हणजे नवरा-बायकोनं उभ्या वर्षात एक दिवससुद्धा एकत्र रजा घ्यायची नाही असं ठरवलं, तरी जर्मनीत अर्धा आठवडा आणि इंग्लंडात पाच आठवडे उघडे पडतात. आणि एकत्र रजा घ्यायचीच नसेल, तर लग्न कशाला केलं?' अण्णा थांबले. हा प्रश्न गणिताच्या बाहेरचा होता. 'त्या उघड्या दिवसांवर आपण.'

'आपण' म्हणजे ते आणि काकू. तिथे पैसे मोजून मुलांना दिवसभर सांभाळणारे हॉलिडे क्लब मिळतात, नाही असं नाही. पण त्यांचं आठवड्याचं बिल अण्णांनी एकदा पौंडांचे रुपये करून पाहिलं, आणि तेव्हापासून विमानाचं तिकीट त्यांना स्वस्त वाटू लागलं आहे.

जर्मनीच्या पद्धतीवर अण्णांचा जीव आहे. सोळा राज्यं, प्रत्येकाची उन्हाळी सुट्टी वेगळी, आणि सगळ्यांचे शिक्षणमंत्री एकत्र बसून ती काही वर्षं आधीच ठरवून टाकतात. सगळा देश एकाच शनिवारी रस्त्यावर उतरू नये, हॉटेलं एकदम भरून एकदम ओस पडू नयेत, हा हेतू. 'सोळा डेपो आहेत असं समज,' अण्णा म्हणतात. 'सगळ्यांना एकदम रजा दिली तर गाड्या कोण चालवणार? म्हणून पाळी लावलेली. यंदा तू लवकर, पुढच्या वर्षी तो.' फक्त बव्हेरिया आणि त्याचा शेजारी बाडेन-व्युर्टेमबर्ग या पाळीत येत नाहीत. त्यांची सुट्टी दरवर्षी सगळ्यांच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरात. इतर राज्यं कुरकुरतात, हे ऐकत नाहीत. 'प्रत्येक डेपोत असे दोन सीनियर ड्रायव्हर असतात,' अण्णा सांगतात, 'माझं शेड्यूल बदलायचं नाही म्हणणारे. त्यांच्या वाटेला कोणी जात नाही.'

एक गोष्ट मात्र त्यांना अजून पटलेली नाही. नोव्हेंबरात तिथे प्रायश्चित्त आणि प्रार्थनेचा एक बुधवार असतो. 1995 साली सॅक्सनी सोडून सगळ्या जर्मनीने त्याची सार्वजनिक सुट्टी काढून टाकली. बव्हेरियात शाळेतल्या मुलांना ती अजून आहे. शिक्षक कामावर, आई-बाप कामावर, पोरं घरी. यंदा 18 नोव्हेंबरला. अण्णा या बुधवारावर बोलू लागले की आगारातले दिवस आठवतात. 'चालक नाही, वाहक नाही, आणि गाडी सोडली!'

शिस्त हा त्यांचा मोठा विषय. 2018 साली बव्हेरियातल्या मेमिंगन विमानतळावर सुट्टी लागण्याआधीच मुलांना घेऊन निघालेल्या आई-बापांना पोलिसांनी हटकलं, ही बातमी थोरल्याने त्यांना गंमत म्हणून सांगितली होती. अण्णांना ती गंमत वाटली नाही. त्यांनी ती आदराने ऐकली. इंग्लंडात पाच दिवस विनापरवानगी शाळा बुडाली तर 2024 पासून 80 पौंड दंड, आणि तोही आईला वेगळा, बापाला वेगळा, दर मुलामागे. दोन पावत्या! फुकट्या प्रवाशाचं तिकीट आणि त्याच्या बायकोचंही, याचा अण्णांना मनापासून आनंद झाला. गेल्या वर्षी लेक फोनवर म्हणाली, 'अण्णा, सुट्टीच्या दोन दिवस आधी निघालो तर तिकीट कितीतरी स्वस्त पडतं. दोन दिवसांना दंडही नाही. ताप आला म्हणून कळवते शाळेला.' अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'आजारी रजा मला शिकवू नकोस.' तिकीट महागाचं काढलं गेलं. एसटी दिवाळीत दहा टक्के हंगामी भाडेवाढ करायची, तेव्हा खिडकीवर लोकांच्या शिव्या खाणारे अण्णाच होते; त्यामुळे विमान कंपनीच्या हंगामी दराबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर त्यांचा सल्ला घ्यायला माणसं येतात. एकदा उल्हासनगर कॅम्पातून कपड्यांचे एक सिंधी व्यापारी आले. सून टोरंटोला. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आई-वडिलांना एका दमात पाच वर्षं राहता येतं, हे ऐकून अण्णांनी चष्मा काढला. 'शेठ, ही ड्युटी नाही. ही बदली आहे. विचार करून सही करा.' शेजारच्या विंगमधल्या एका जोडप्याचा मुलगा स्टॉकहोमला आहे. स्वीडनमध्ये 1 जुलै 2024 पासून आई-बाप आपल्या पगारी पालकत्व-रजेतले काही दिवस, प्रत्येकी 45 पर्यंत, आजी-आजोबांच्या नावावर करू शकतात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा अण्णा उभेच राहिले. नातवंडं सांभाळायला सरकारी भत्ता! आगारात ओव्हरटाइमसाठी काय काय करावं लागायचं ते त्यांना आठवलं असावं. पण त्यासाठी आजोबा स्वीडनच्या सामाजिक विम्यात असावा लागतो, हे कळल्यावर ते खाली बसले. 'म्हणजे भत्ता फक्त कायम कामगारांना. आपण रोजंदारीवर.'

त्यांची खरी कसोटी शेंगेन व्हिसाची. कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहायचं. लोक समजतात, नव्वद राहिलो, परत आलो, हिशेब मिटला. तसं नसतं. तिथे घालवलेल्या प्रत्येक दिवशी मागचे 180 दिवस नव्याने मोजायचे असतात. वकिलांना चकवणारा हा नियम अण्णांनी कालनिर्णयाच्या जुन्या पानांच्या कोऱ्या कडा कापून सोडवला आहे. डिंकाने जोडलेली 180 चौकोनांची लांबलचक पट्टी. ती ते वर्षाच्या तक्त्यावर सरकवत नेतात आणि पट्टीखाली तांबडे चौकोन किती येतात ते मोजतात. पट्टी एका जागी आमटीने पिवळी झाली आहे. तो भाग आला की काकू म्हणतात, 'तो डाग धरून मोजा हं, त्या दिवशी पण मीच स्वयंपाक केला होता.'

लेकीच्या सासरची मंडळी डोंबिवलीची. व्याही बँकेतून निवृत्त, आणि त्यांचं सगळं एक्सेलमध्ये. रेडिंगची ड्युटी दोन घरांत वाटायची म्हणून दरवर्षी एक बैठक होते. यंदाच्या बैठकीला अण्णा मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. व्याह्यांनी लॅपटॉप उघडला, अण्णांनी कालनिर्णय उलगडलं. एकीकडे रंगीत रकाने, दुसरीकडे दुधाचा हिशेब. व्याही म्हणाले, मागच्या वर्षी आमचे दिवस जास्त झाले. अण्णा म्हणाले, दिवस जास्त, पण तुमचा मुलगा त्यातले दहा दिवस घरी होता, ते डबल ड्युटीत धरता येणार नाहीत. व्याह्यांनी नवीन कॉलम टाकला. अण्णांनी पट्टी काढली. व्याह्यांनी सांगितलं की इंग्लंड शेंगेनमध्ये नाही, तिथे सरळ सहा महिने राहता येतं. अण्णांनी पट्टी परत गुंडाळली, पण चेहरा पडला.

एवढ्यात विहीणबाई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. लॅपटॉपकडेही पाहिलं नाही आणि कालनिर्णयाकडेही नाही. म्हणाल्या, 'आम्ही मेच्या हाफ टर्मला जातो आणि श्रावण लागायच्या आत परत येतो. श्रावणात मी घर सोडत नाही. पुढे शाळा उघडेपर्यंत वहिनी जातील.' बैठक संपली. दोन निवृत्त अधिकारी पोहे खाऊ लागले.

तेवढ्यातही अण्णांनी एक मुद्दा काढलाच. यंदा अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून. अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायला हवं, आणि इंग्लंडची हाफ टर्म नेमकी त्याच महिन्यात. पण त्या वेळी तिथे जाणार जावयाचेच आई-वडील! 'मग मी नेते की अनारसे,' विहीणबाई म्हणाल्या. 'तुमच्या वतीनं माझ्याच मुलाला वाण देते.' याला शास्त्राधार आहे की नाही ते अण्णांनी दोन दिवस शोधलं. सापडला नाही, पण विरोधही सापडला नाही.

काकूंबद्दल आत्तापर्यंत फार लिहिलं नाही, कारण तक्त्यातही त्यांचं नाव कुठे नाही. तक्त्यात 'आम्ही' असतं. तिकडची खरी ड्युटी त्यांचीच असते. अण्णा मुलींना पोहायला नेतात, खांद्याला पोळीच्या लाडवांचा डबा, आणि वाटेत स्टेशनवर गाड्यांच्या वेळा वहीत टिपतात. 2024 साली जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम बासष्ट टक्के वेळेवर धावल्या, हे कळल्यापासून त्यांची तब्येत सुधारली आहे. इकडे काकू स्वयंपाक, डबे, धुणं, आणि भांडणं सोडवायची ती दोन भाषांत. मी विचारलं, तिकडे जरा आराम मिळतो का? म्हणाल्या, 'इथे सकाळी सहाला चहा ठेवते, तिथे साडेसहाला. अर्ध्या तासाची बढती आहे.'

काकूंनीच एकदा सांगितलं, की त्यांची स्वतःची मुलं शाळेत होती तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत अण्णा एकदाही रजेवर नव्हते. मे म्हणजे लग्नसराई, गावाकडची गर्दी, जादा गाड्या. आगारात कंट्रोलरला रजा मागायची सोयच नव्हती. काकू दोन्ही पोरांना घेऊन जुन्नरला माहेरी जायच्या. गाडीत जागा अण्णा धरून द्यायचे, खिडकीजवळची, आणि गाडी सुटली की लगेच मागच्या गाडीचा नंबर फळ्यावर लिहायला वळायचे. 'आता पाहा,' काकू म्हणाल्या, 'बव्हेरियाच्या पोरींची सुट्टी तोंडपाठ आहे.' अण्णा हे ऐकत होते. काही बोलले नाहीत. कालनिर्णयाचं पान उलटून सप्टेंबर बघू लागले.

यंदाचा घोळ त्या सप्टेंबरातच आहे. गेल्या वर्षी, 2025 साली, गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आली. बव्हेरियाची शाळा बंद, इंग्लंडची बंद. दोन्ही घरं विठ्ठलवाडीत. दीड दिवसाच्या गणपतीला तिन्ही नातवंडं हजर, दोन जर्मन बोलणाऱ्या, एक इंग्रजी, आणि आरतीत तिघंही टाळ चुकवणारी. अण्णांच्या कारकिर्दीतला तो सर्वोत्तम तक्ता. त्या दीड दिवसात त्यांनी पाण्याची टाकी भरण्यापासून झोपायच्या गाद्यांपर्यंत सगळं माइकवर सांगावं तशा आवाजात सांगितलं. 'दुसऱ्या पंगतीतल्या मंडळींनी कृपया गॅलरीत यावे.'

यंदा अधिक महिन्यामुळे सगळे सण पुढे गेले. चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी. इंग्लंडच्या शाळा त्याआधीच सुरू झालेल्या. तिकडची आशा अण्णांनी लगेच सोडली. पण बव्हेरियाचं दुःख मोठं. 14 सप्टेंबर हा सुट्टीचा शेवटचा दिवस. मंगळवारी सकाळी शाळा. म्हणजे चतुर्थी सुट्टीत आहे आणि उपयोगाची नाही. मोदक खाऊन म्युनिकला सकाळच्या घंटेला पोचेल असं विमान अजून कोणी काढलेलं नाही. अण्णांनी पट्टी सरकवली, पंचांग तपासलं, वेळेचा साडेतीन तासांचा फरकही वापरून पाहिला. एक दिवस काही सापडेना.

मग एका शनिवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी थोरल्याला विचारलं. आवाज खाली होता, काकूंना ऐकू जाऊ नये इतका. 'अरे, पोरी मंगळवारी नाही गेल्या तर? दोन-तीन दिवसांचा प्रश्न. म्हणजे... थोडा ताप वगैरे...'

पलीकडे क्षणभर शांतता. मग थोरला म्हणाला, 'अण्णा, आजारी रजा मला शिकवू नका.'

काकूंना ऐकू गेलंच होतं. त्या आतून हसत बाहेर आल्या आणि ओल्या हातानेच पेन घेऊन त्यांनी तक्ता लावून टाकला. अण्णा एकटे म्युनिकला, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून. त्या रेडिंगला, श्रावण लागला की. दोघंही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत विठ्ठलवाडीत. गणपती इथेच बसणार, आरतीला सोसायटीतली मुलं. अण्णांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. कुठे चूक सापडेना. एकाच दिवशी एक माणूस दोन देशांत लागलेला नव्हता. 'हे आधी का नाही सांगितलंस?' त्यांनी विचारलं.

'विचारलंत कधी?'

तेव्हा ज्यांना अण्णांचा सल्ला हवा आहे त्यांनी जुलै संपायच्या आत कट्ट्यावर गाठावं. नंतर ते ड्युटीवर असतील. 2027 ची गणेश चतुर्थी 4 सप्टेंबरला, शनिवारी आहे. बव्हेरियावाल्यांना ती पूर्ण सापडते. तिकिटं आत्तापासून बघून ठेवा, आणि काही अडलं तर काकूंना विचारा.